विष्णुपुरीचा गाळ आणि जोतीरावांचा असूड

क्रांतिबा जोतीराव फुले यांचे नाव उच्चारताच भिडेवाड्यातील मुलींची शाळा डोळ्यांसमोर उभी राहते. शेणगोळे झेलणाऱ्या सावित्रीमाई आठवतात, सत्यशोधक समाज आठवतो, गुलामगिरी हा ग्रंथ आठवतो. हे सारे आठवलेच पाहिजे. परंतु ११ एप्रिल आणि २८ नोव्हेंबर या दोन दिवशी पुतळ्याला हार घालताना आमच्या समाजाला एक जोतीराव दिसतच नाहीत. ते जोतीराव म्हणजे शेताच्या बांधावर उभे राहून, पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जाणाऱ्या मातीचा हिशेब सरकारला विचारणारे जोतीराव. आज आम्ही त्यांचेच चरित्र वाचकांपुढे ठेवणार आहोत. त्याचे कारण विष्णुपुरीत आहे.

नांदेडहून लातूरकडे निघाले की शहर संपता संपता विष्णुपुरी लागते. स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ येथे आहे, अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि असर्जनजवळ गोदावरीवर बांधलेला विष्णुपुरी प्रकल्पही आहे. नांदेड शहराची तहान हाच जलाशय भागवतो. सुमारे ८० दशलक्ष घनमीटरांच्या या साठ्यातून पाणी उपसून शेतीला दिले जाते. पावसाळ्यात दरवाजे उघडले की पुलावर बघ्यांची गर्दी होते. लोक पाण्याचा जोर पाहतात, त्याचा रंग कोणी पाहत नाही. तो रंग काळपट तांबूस असतो. सिंदफणेने बीडची, दुधनेने जालन्याची, पूर्णेने परभणी-हिंगोलीची माती आणून गोदावरीत ओतलेली असते. ती कुठल्या तरी शेताची सर्वांत वरची आणि सर्वांत कसदार माती असते. त्यातली काही विष्णुपुरीत बसते आणि उरलेली खाली तेलंगणात पोचमपाडच्या श्रीरामसागरात जाते. श्रीरामसागराच्या मूळ ११२ टीएमसी क्षमतेपैकी वीस टीएमसीहून अधिक जागा गाळाने खाल्ली आहे. म्हणजे मराठवाड्याचा शेतकरी कर्ज काढून बी पेरतो आणि त्याच्या शेताची ताकद परराज्यातल्या धरणाच्या तळाशी जाऊन बसते!

हे असे का होते आणि काय केले म्हणजे होणार नाही, याचे उत्तर १८८३ साली मराठी भाषेत लिहून ठेवलेले आहे. ते लिहिणारा माणूस विद्यापीठात शिकलेला शेतीशास्त्रज्ञ नव्हता. तो पुण्याचा एक माळी होता.

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ चा. घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. तेथून हे घराणे पुरंदर तालुक्यातील खानवडीला आणि पुढे पुण्याला आले. पेशव्यांच्या वाड्यावर फुले, हार, गजरे पुरवण्याच्या धंद्यावरून त्यांना फुले हे नाव पडले. आई चिमणाबाई जोतीराव वर्षाचेही नव्हते तेव्हा वारल्या. सगुणाबाई क्षीरसागर यांनी त्या पोरक्या लेकराला आईची माया दिली. वडील गोविंदरावांनी मुलाला शाळेत घातले खरे; पण माळ्याच्या पोराला अक्षरे कशाला, असा सल्ला देणारे भिक्षुकशाहीचे हस्तक तेव्हाही होतेच. जोतीरावांची शाळा सुटली आणि हातात खुरपे आले.

चरित्रकार ही दोन-तीन वर्षे एका ओळीत उरकतात. आम्हाला मात्र हा काळ फार महत्त्वाचा वाटतो. वाफा बांधावा कसा, पाटाचे पाणी वळवावे कसे, शेणखत किती लागते, उतारावरची माती कुठे साचते, हे जोतीराव या वर्षांत अंगाने शिकले. पुढे मुन्शी गफ्फार बेग आणि लिजिटसाहेब या एका मुसलमान आणि एका ख्रिस्ती शेजाऱ्याने गोविंदरावांना समजावले. १८४१ मध्ये जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले. थॉमस पेनचा मानवी हक्कांवरील ग्रंथ त्यांनी वाचला तो १८४७ च्या सुमारास. माणसाचे हक्क पुस्तकातून आणि मातीचे गुण शेतातून शिकलेला हा तरुण होता. दोन्ही शाळांतले शिक्षण एका डोक्यात एकत्र आले म्हणूनच पुढे असूड जन्माला आला.

१८४८ साली एका ब्राह्मण मित्राच्या वरातीत झालेला अपमान आणि त्याच वर्षी भिडेवाड्यात सुरू झालेली मुलींची शाळा हा इतिहास आमच्या वाचकांना पाठ आहे. अस्पृश्यांच्या मुलांसाठी शाळा, त्यापायी वडिलांचे घर सोडावे लागणे, १८५२ मध्ये विश्रामबागवाड्यात झालेला सरकारी सत्कार, १८६३ चे बालहत्या प्रतिबंधक गृह हेही सर्वांना ठाऊक आहे. यातली एकच घटना आम्ही येथे वेगळी काढतो. १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ रोजी जे केले, त्याच्या एकोणसाठ वर्षे आधीची ही गोष्ट. पाणी कोणाचे, हा प्रश्न जोतीरावांनी प्रथम आपल्या दारात सोडवला आणि मग सरकारला विचारला.

जोतीरावांनी पोटासाठी कधी सरकारी नोकरी धरली नाही. ते कंत्राटदार झाले, व्यापारी झाले, शेतकरी झाले. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन देताना त्यांनी आपली ओळख व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिकेचे सदस्य अशीच करून दिली. पुण्याजवळ खडकवासल्याचे धरण १८६९ ते १८७९ या काळात उभे राहिले. या धरण-कालव्याच्या कामांशी कंत्राटदार म्हणून जोतीरावांचा संबंध आला. येथे त्यांनी दोन गोष्टी जवळून पाहिल्या. दगड-मातीचे पाट्या वाहणारे स्त्री-पुरुष कसे नागवले जातात, ही पहिली. कागदावर नकाशे काढणाऱ्या इंजिनिअर साहेबांना आणि त्यांच्या हाताखालच्या कारकुनांना पाण्याच्या शेवटच्या टोकाला असलेल्या शेतकऱ्याचा पत्ताच नसतो, ही दुसरी. मुठेच्या कालव्याला पाणी आले तेव्हा ते घ्यायला आसपासचे शेतकरी कचरत होते. जोतीरावांनी मांजरी येथे कालव्याच्या पाण्यावर बागायत करून दाखवली. नुसता उपदेश करणारे सुधारक त्या काळी पुण्यात पुष्कळ होते. हा माणूस आधी स्वतः चिखलात उतरत होता.

१८७५ च्या मे महिन्यात सुप्याला कुणब्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या आणि तो वणवा पुणे-नगर भागात पसरला. पाठोपाठ १८७६-७७ चा भीषण दुष्काळ आला. जोतीराव तेव्हा पुणे नगरपालिकेचे सदस्य होते, सत्यशोधक समाज स्थापन होऊन तीन-चार वर्षे झाली होती. भुकेल्या मुलांसाठी समाजाने धनकवडीला अन्नछत्र चालवले. मुले कोणत्या जातीची आहेत हे तेथे विचारले गेले नाही. अन्नछत्र चालवून दुष्काळ हटत नाही, हे जोतीरावांना कळत होते. पाऊस एखाद्या वर्षी दगा देणारच. पण एका वर्षाच्या दग्याने माणसे मरावीत इतकी जमीन आणि जमिनीचा धनी दोघेही खंगले का, हा त्यांचा सवाल होता. या सवालाचा शोध म्हणजे शेतकऱ्याचा असूड हा ग्रंथ होय.

१८८३ साली हा ग्रंथ लिहून झाला. जसजसा तो लिहून होत गेला तसतसा जोतीरावांनी तो मुंबई, पुणे, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर, वंगणी अशा ठिकाणी लोकांना वाचून दाखवला. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीही तो ऐकला. ज्याच्यासाठी लिहिले त्याला वाचता येत नाही, म्हणून ज्याने गावोगाव जाऊन वाचून दाखवले, असा शेतीवरचा दुसरा लेखक आम्हाला माहीत नाही.

या ग्रंथात भटशाही, सावकारशाही आणि नोकरशाही यांवर ओढलेले कोरडे सर्वांना माहीत असतात. पण त्याच पानांत जोतीरावांनी माती का मरते याचे जे निदान केले आहे, त्याकडे आमच्या विद्वानांचे लक्ष गेले नाही. त्यांची मांडणी आम्ही आमच्या शब्दांत देतो. डोंगरावर झाडझाडोरा असतो. त्याचा पालापाचोळा, गवत, मेलेले किडेकीटक, जनावरांचे मलमूत्र कुजून पावसाच्या पाण्याबरोबर खालच्या शेतात येते. हे निसर्गाचे फुकटचे खत. गावाला गायरान असले की गरिबाच्या दावणीला दोन गाई, चार शेळ्या टिकतात आणि त्यांचे शेण शेताला मिळते. पोटापुरते पिकत नसेल तेव्हा रानातला मोहाचा, पळसाचा, लाकूडफाट्याचा आधार मिळतो. घरात थोडी जास्त जमीन असली की एखादा तुकडा पडीक टाकून त्याला विसावा देता येतो.

इंग्रज सरकारने जंगल खाते उभे केले, डोंगर बंद केले आणि गावची गायराने व पडीत जमिनीही जंगलात घातल्या. शेळीला पाला खाण्याची बंदी झाली. जनावरे घटली, खत घटले. भावाभावांत वाटण्या होऊन तुकडे लहान झाले, सावकाराचा तगादा वाढला. म्हणून पडीक टाकण्याची सोयच उरली नाही, तोच तुकडा दरसाल पिळून काढला गेला. जमीन नापीक होते ती शेतकऱ्याच्या आळसामुळे नाही. त्याच्याभोवतीची सारी व्यवस्था त्याला जमीन पिळायला लावते. जोतीरावांच्या निदानाचे हे सार आहे.

वाचकहो, हे १८८३ साली लिहिले गेले आहे! आज जगभर पाणलोटाची भाषा बोलली जाते. डोंगरमाथा, चराऊ रान, शेत आणि नदी ही एकच साखळी आहे, मधली एक कडी तुटली की सगळे ढासळते, असे आज कृषी महाविद्यालयांत शिकवतात. पुण्याच्या माळ्याला ते शेतात दिसले होते.

निदान करून जोतीराव थांबले नाहीत. ग्रंथाच्या शेवटी त्यांनी उपाय सांगितले. सरकारच्या पदरी लष्कर आणि पोलीस आहेत. कामाच्या वेळा सोडून ते रिकामे असतात. त्यांच्याकडून जागोजाग ताली आणि बंधारे अशा रीतीने बांधून घ्यावेत की पावसाचे पाणी आधी शेतातून मुरत जाईल आणि मगच ओढ्यानाल्याला मिळेल. डोंगरदऱ्यांत सोईप्रमाणे तलाव-तळी करावीत. विहिरींसाठी पाण्याची ठिकाणे शोधणाऱ्या पाणाड्यांना बक्षिसे द्यावीत आणि ती ठिकाणे गावच्या नकाशावर नोंदवावीत. नदी-नाले-तलावांत साचलेला गाळ शेतकऱ्यांना पूर्वीसारखा फुकट नेऊ द्यावा. गायराने गावांना परत करावीत. धरणाचे पाणी शेतकऱ्याला गरजेप्रमाणे, तोटी बसवून, मोजून द्यावे. शेतकऱ्यांच्या मुलांना शेतीचे शिक्षण द्यावे, त्यांना परदेशातील शेतकी शाळा दाखवाव्यात.

या यादीचा क्रम आणि आशय नीट पाहा. पाणी आधी शेतात मुरावे, मग ओढ्याला जावे. पळत्या पाण्याला चालायला लावणे, चालत्याला थांबायला लावणे आणि थांबलेल्याला जिरायला लावणे हे मृद्संधारणाचे सारे शास्त्र या एका वाक्यात बसते. पावसाचा थेंब उघड्या जमिनीवर आदळतो तेव्हा मातीचे कण सुटे होतात. त्यातले सर्वांत बारीक आणि सर्वांत कसदार कण पाण्याबरोबर आधी निघून जातात. उतारावर पाण्याचा वेग वाढला की ओघळ पडतात, ओघळीची घळ होते आणि घळ शेत कापत जाते. एक इंच माती तयार व्हायला निसर्गाला शेकडो वर्षे लागतात, जायला एक वादळी रात्र पुरते. ताल म्हणजे त्या वेगाला घातलेला लगाम.

लिहून बाजूला होणारा हा माणूस नव्हता. १८८४-८५ च्या सुमारास जुन्नर भागात कुळांनी सावकारांच्या जमिनी कसायचे नाकारले, त्या लढ्यामागे सत्यशोधकांचे बळ उभे होते. २ मार्च १८८८ रोजी पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटच्या मेजवानीला दागिन्यांनी लखलखणाऱ्या पाहुण्यांत जोतीराव फाटक्या शेतकऱ्याच्या वेशात गेले आणि हिंदुस्थानची खरी प्रजा अशी दिसते, हे त्यांनी राजपुत्राला ऐकवले. ११ मे १८८८ रोजी मुंबईत मांडवीच्या कोळीवाड्यात जनतेने त्यांना महात्मा केले. त्याच वर्षी पक्षाघाताने त्यांचा उजवा हात गेला. त्यांनी डाव्या हाताने सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक लिहिले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी हा क्रांतिसूर्य मावळला. दत्तक पुत्र यशवंत आणि सावित्रीमाई मागे राहिले. सावित्रीमाईंनी १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णसेवा करतानाच देह ठेवला.

पुढे काय झाले? जोतीरावांचा वारसा बाबासाहेबांनी उचलला. १९१८ मध्ये त्यांनी भारतातील लहान शेतजमिनींवर जो निबंध लिहिला, त्यात जमिनीचा तुकडा लहान की मोठा एवढ्यावर न थांबता त्या तुकड्यावर भांडवल किती आणि तो पोसतो किती माणसे, हा प्रश्न विचारला. १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना त्यांनी दामोदर आणि महानदीच्या योजनांना दिशा दिली. नदी प्रांताच्या सीमा मानत नाही, म्हणून संपूर्ण खोरे हा नियोजनाचा घटक मानला पाहिजे, ही दृष्टी त्या धोरणात होती. १९४६ साली शूद्र पूर्वी कोण होते हा ग्रंथ त्यांनी जोतीरावांना अर्पण केला. गुरूने शेताच्या बांधापासून सुरुवात केली आणि शिष्याने ती संपूर्ण खोऱ्यापर्यंत नेली.

सरकारलाही जोतीरावांच्या ताली उशिरा का होईना घालाव्याच लागल्या. मुंबई प्रांताने १९४२ साली जमीन सुधारणा योजनांचा कायदा केला आणि समतल बांधबंदिस्तीची कामे सुरू झाली. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीवर नालाबांध, पाझर तलाव, बांधबंदिस्ती झाली. आमच्या आयाबहिणींनी डोक्यावर माती वाहिली, खडी फोडली, सुकडी खाऊन दिवस काढले. नंतर पाणलोट विकास आला, २०१४ च्या अखेरीस जलयुक्त शिवार आले. २०१७ मध्ये गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना आली. तिचे नाव वाचून आम्हाला हसू आले आणि वाईटही वाटले. गाळ शेतकऱ्याला फुकट द्या, हे जोतीरावांनी सांगून १३४ वर्षे झाली होती. योजनेच्या जाहिरातीत त्यांचे नाव किती जणांनी वाचले?

असूड लिहून बरोबर शंभर वर्षे झाली त्या १९८३ साली ध्रुवनारायण आणि राम बाबू या शास्त्रज्ञांनी देशाच्या मातीचा हिशेब मांडला. दरवर्षी हेक्टरी सरासरी १६ टनांहून अधिक माती जागची हलते, देशभरात ती पाच अब्ज टनांहून अधिक भरते. त्यातली सुमारे २९ टक्के समुद्राला जाते आणि १० टक्के धरणांत बसते, असा त्यांचा अंदाज होता. शंभर वर्षांपूर्वी एकाने रोग सांगितला होता, शंभर वर्षांनी त्याची मोजणी झाली. मधल्या काळात रोगी मात्र खंगतच गेला.

आता पुन्हा नांदेड-लातूरकडे येऊ. आमच्या भागाची जमीन काळी. ती ओली झाली की फुगते, वाळली की तिला भेगा पडतात, आणि एकदा वरचा थर पाण्याने भिजला की पुढचे पाणी ती पिऊ शकत नाही, वरूनच पळते. बालाघाटाच्या माथ्यावर मुरमाड हलकी जमीन, खाली नदीकाठी खोल काळी. माथ्यावर झाड राहिले नाही. जूनमध्ये सोयाबीनसाठी रान मोकळे करून ठेवलेले असते आणि नेमका तेव्हाच पहिला जोरदार पाऊस उघड्या मातीवर कोसळतो. पेरणी उताराच्या बाजूने केली असेल तर प्रत्येक तास म्हणजे एक छोटी नालीच. याच भागात कंधारला राष्ट्रकूटांच्या काळचा जगत्तुंग समुद्र हा तलाव आहे. हजार वर्षांपूर्वीच्या लोकांना पाणी अडवण्याचे शहाणपण होते. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा ते शहाणपण कोठे गेले होते?

आणि २०२५ साली याच्या नेमके उलटे घडले. १७-१८ ऑगस्टच्या पावसाने मुखेड तालुक्यातील गावांत पाणी शिरले, माणसे दगावली. सप्टेंबरमध्ये सारा मराठवाडा पाण्याखाली गेला. पिके तर गेलीच, शेकडो गावांत जमीनच खरडून गेली. मुरूम उघडा पडला. ७ ऑक्टोबर २०२५ रोजी राज्य सरकारने मदतीचे जे पॅकेज जाहीर केले त्यात खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि रोजगार हमीतून ३ लाख रुपयांपर्यंतच्या कामाची तरतूद सांगितली गेली. मदत झालीच पाहिजे, याबद्दल वाद नाही. पण शेकडो वर्षांत तयार झालेल्या मातीची किंमत रुपयांत भरून निघते काय? गाळ आणून टाकला तरी जमीन सावरायला कित्येक हंगाम लागतात. जाण्याआधी माती राखायला याच्या तुलनेत फारच थोडा खर्च येतो.

राखण्याचे मार्ग महागडे नाहीत. काम माथ्यापासून सुरू करावे आणि पायथ्याशी संपवावे. डोंगरावर समतल चर खोदून त्यांच्या भरावावर झाडे-गवत लावावे. नाल्यात दगडांचे छोटे बांध एकाखाली एक घालावेत. शेतात पेरणी उताराला आडवी करावी. सोयाबीन रुंद सरी-वरंब्यावर घ्यावे, म्हणजे जास्तीचे पाणी सरीतून सावकाश निघते आणि कमी पावसात ओल टिकते. बांधावर वाळ्यासारखे खोल मुळांचे गवत लावावे. ते पाणी गाळून सोडते आणि माती अडवते. सिमेंटचा बंधारा पहिल्या दिवशी सर्वांत मजबूत असतो आणि दरसाल कमजोर होतो. गवताची ताल पहिल्या वर्षी कमजोर असते आणि दरसाल मजबूत होते. नदी रुंद करून, खोल करून फोटो काढणे सोपे असते. परंतु माथा उघडा ठेवून नदी उकरणे म्हणजे छप्पर गळत असताना जमिनीवर भांडी मांडत बसणे होय. दुर्दैवाने कंत्राट भांड्यांचे निघते, छपराचे निघत नाही!

येथेच आमचा खरा सवाल सुरू होतो. माती वाचली तर कोणाची वाचणार? ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याची. बांधबंदिस्तीत माती उपसणारे हात भूमिहीनांचे असतात, त्यात मोठा वाटा आमच्या बौद्ध, मातंग, बंजारा, आदिवासी बांधवांचा. गाळ वाहून न्यायला ट्रॅक्टर लागतो, डिझेल लागते. तो ज्याच्याकडे आहे त्याच्या शेतात गाळ आधी पोचतो. अल्पभूधारकांसाठी गाळ वाहतुकीच्या अनुदानाची सोय पुढे झाली, पण ज्याला जमीनच नाही त्याने तो गाळ टाकावा कोठे? मराठवाड्यात हजारो भूमिहीन कुटुंबे गायरानावर पिढ्यान् पिढ्या कष्ट करीत आहेत. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४ च्या देशव्यापी भूमिहीन सत्याग्रहात लाखो लोक तुरुंगात गेले ते याच हक्कासाठी. १४ एप्रिल १९९० पूर्वीची भूमिहीनांची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय सरकारने १९९१ मध्ये घेतला. त्याची अंमलबजावणी किती झाली ते गायरानधारकांना विचारा. नोंद नसलेल्या माणसाची जमीन खरडून गेली तर ती कोणत्या पंचनाम्यात येणार?

काही शहाणे आम्हाला सांगतात की गायराने बोडकी झाली ती या गरिबांमुळेच. त्यांना हटवा, म्हणजे गवत उगवेल, माती थांबेल. जोतीरावांच्या काळात जंगल खातेही हेच म्हणत होते. या आरोपाचे आम्ही सरळ उत्तर देतो. मोकाट चराईने जमीन उघडी पडते, हे खरे आहे. ते आम्ही नाकारत नाही. परंतु चराईला शिस्त लावणे वेगळे आणि माणसाला हुसकावणे वेगळे. हिवरेबाजारने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी ग्रामसभेत ठरवून केली, पोलीस बोलावून नव्हे. ज्याला उद्या आपल्याला येथून उठवतील अशी भीती आहे, तो बांध घालील कसा आणि झाड लावील कोणत्या भरवशावर? ज्याच्या हाती पट्टा आहे तो मुलासाठी माती राखतो. मातीचे रक्षण आणि भूमिहीनाचा हक्क यांत भांडण नाही. भांडण लावणारे तिसरेच आहेत. सौर प्रकल्पाला, कारखान्याला, संस्थेला गायरान देताना त्यांना कधी मातीची आठवण येत नाही.

जोतीरावांना हे कळले होते, कारण त्यांनी माती आणि माणूस वेगळे केले नाहीत. त्यांच्या ग्रंथात बंधारा आणि शाळा, गायरान आणि सावकार, गाळ आणि अज्ञान एकाच ओघात येतात. विद्या गेल्यापासून वित्त जाईपर्यंतची त्यांनी दाखवलेली घसरगुंडी आणि डोंगरावरून विष्णुपुरीपर्यंतची मातीची घसरण या दोन्हींची सुरुवात वरच्या टोकाला होते आणि सर्वांत जास्त मार खालच्या माणसाला बसतो.

११ एप्रिल २०२७ रोजी जोतीरावांच्या जन्माला दोनशे वर्षे पूर्ण होत आहेत. समारंभ होतील, भाषणे होतील, पुतळे उभे राहतील. आमची मागणी साधी आहे. विष्णुपुरीच्या वरच्या अंगाला असलेल्या गावांत माथा ते पायथा मृद्संधारणाचे काम गावच्या भूमिहीनांना रोजगार देऊन, त्यांना गायरानाच्या समितीत मानाचे स्थान देऊन सुरू करा. कसणाऱ्यांचे पट्टे नावावर करा आणि त्या पट्ट्यांच्या बांधावर गवत-झाडे लावण्यासाठी बियाणे-रोपे द्या. गाळ काढाल तेव्हा पहिली खेप सर्वांत लहान शेतकऱ्याच्या आणि गायरानधारकाच्या रानात टाका. विद्यापीठ आणि अभियांत्रिकी महाविद्यालय जलाशयाच्या उशाशीच आहेत. तेथील आमच्या विद्यार्थ्यांनी दरवर्षी किती माती येते याची मोजणी करावी आणि तो हिशेब गावोगाव जाऊन, जोतीरावांप्रमाणे, लोकांना वाचून दाखवावा.

बांधवांनो, सरकार करील तेव्हा करील. जयंतीच्या वर्गणीतून डीजे लावण्याऐवजी आपापल्या गावच्या माळावर एक समतल चर खोदला, एका बांधावर गवत लावले, तर त्या बांधाला जोतीरावांचे नाव शोभेल. पुतळ्याला हार घालायला वर्षात दोन दिवस पुरतात. माती राखायला मात्र प्रत्येक पावसाळ्यापूर्वी हातात कुदळ घ्यावी लागते. खांद्यावर घोंगडी घेऊन राजपुत्रासमोर उभ्या राहिलेल्या त्या शेतकऱ्याला हेच अभिवादन आवडले असते, असे आम्हाला वाटते.